दूरसंदेशवहन जालकातील विन्यासबदलांचे नियोजन

दूरसंदेशवहन जालकातील विन्यासबदलांचे नियोजन : दूरध्वनी, मोबाइल दूरध्वनी, इंटरनेट व इतर संदेशवहन सेवा पुरविणाऱ्या जालकांतील यंत्रसामग्री, तिच्या कार्याचे नियम व त्यांतील अंकीय मूल्ये यांच्या मांडणीस ‘विन्यास’ असे म्हणतात. कोणत्या क्रमांकाचा कॉल कोणत्या मार्गाने न्यावयाचा, कोणत्या मंडलावर किती भार टाकावयाचा, कोणत्या स्रोताकडून आलेली माहिती स्वीकारावयाची व कोणती नाकारावयाची, यांसारख्या असंख्य गोष्टी विन्यासाने ठरतात. जालक चालू असताना, म्हणजे ग्राहक त्याचा उपयोग करीत असतानाच, हा विन्यास वेळोवेळी बदलावा लागतो. असा बदल केव्हा, कोणत्या क्रमाने व कोणत्या तयारीनिशी करावा म्हणजे सेवेत खंड पडणार नाही, अथवा पडल्यास तो अल्पकाळ टिकेल, हे आगाऊ ठरविण्याच्या शास्त्रास व व्यवहारास बदलांचे नियोजन म्हणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाने जालकव्यवस्थापनाची पाच अंगे मानली आहेत : दोषनिवारण, विन्यास, हिशेब, कार्यमान व सुरक्षा. यांपैकी दुसऱ्या अंगात या विषयाचा समावेश होतो. तथापि त्याचा संबंध उरलेल्या चारही अंगांशी येतो.

आवश्यकता : कारखान्यातील यंत्र दुरुस्तीसाठी बंद ठेवता येते, जालकाच्या बाबतीत ही सोय नसते. त्यावर रुग्णालये, अग्निशामक दले, पोलीस, बँका, रेल्वे व वीजपुरवठा केंद्रे अवलंबून असतात. भारतातील ११२, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ९११ व ऑस्ट्रेलियातील ००० हे आणीबाणीचे क्रमांक दिवसरात्र लागलेच पाहिजेत. उलटपक्षी जालकात बदलच करावयाचे नाहीत, हेही शक्य नसते. ग्राहक वाढतात, नवी उपनगरे वसतात, यंत्रे जुनी होतात, आज्ञावलींतील दोष व सुरक्षेतील उणिवा उघडकीस येतात. पुढे ढकललेला बदलही धोकादायक ठरू शकतो. ६ डिसेंबर २०१८ रोजी ग्रेट ब्रिटनमधील ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांची मोबाइल माहितीसेवा बंद पडली व त्याच दिवशी जपानमधील सॉफ्टबँक कंपनीच्या ग्राहकांनाही तोच अनुभव आला. दोन्ही ठिकाणी एरिक्सन कंपनीने पुरविलेल्या आज्ञावलीतील एका अंकीय प्रमाणपत्राची मुदत संपली होती. मुदत संपण्याची तारीख आधीपासून निश्चित होती; तिच्या आत करावयाचा बदल तेवढा राहून गेला होता.

सेवेची विश्वसनीयता ‘उपलब्धता’ या राशीने मोजतात. वर्षातील एकूण काळापैकी शेकडा किती काळ सेवा चालू होती, हे ती दर्शविते. ९९·९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला सु. ८ तास ४६ मिनिटे खंड, ९९·९९ टक्के म्हणजे सु. ५३ मिनिटे आणि ९९·९९९ टक्के म्हणजे केवळ सव्वापाच मिनिटे खंड होय. मोठ्या दूरध्वनी केंद्रांकडून परंपरेने शेवटच्या प्रतीची अपेक्षा केली जाते. एका फसलेल्या बदलामुळे सहा तास सेवा बंद राहिली, तर या मापाने जवळजवळ सत्तर वर्षांची सवलत एका रात्रीत खर्ची पडते.

ऐतिहासिक आढावा : मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. हस्तचालित केंद्रांत मार्ग जोडण्याचे काम चालक व्यक्ती करीत असल्याने विन्यासाचा बराचसा भाग त्यांच्या स्मरणात व फलकावरील चिठ्ठ्यांत असे. एखादी तार बदलली, तर तिचा परिणाम त्या ग्राहकापुरताच राही. स्वयंचलित केंद्रे आल्यावर (भारतात असे पहिले केंद्र १९१३-१४ मध्ये सिमला येथे ७०० तारांसाठी उभारण्यात आले) जुन्या केंद्रावरून नव्या केंद्रावर सर्व ग्राहक एकाच वेळी वळविण्याचा प्रश्न निर्माण झाला. यासाठी प्रत्येक ग्राहकाची तार दोन्ही केंद्रांना समांतर जोडून ठेवीत व नव्या केंद्राच्या बाजूचे संपर्क लहान पाचरी घालून विलग करीत. ठरलेल्या रात्री, बहुधा शनिवारच्या मध्यरात्रीनंतर, जुन्या केंद्राच्या बाजूचा संबंध तोडून लगेच नव्या बाजूच्या पाचरी ओढून काढीत. हजारो तारांचे स्थलांतर अशा रीतीने काही मिनिटांत होई. महिनोन्‌महिने तयारी, कमी रहदारीची वेळ, दोन्ही व्यवस्था समांतर सज्ज ठेवणे व थोड्या क्षणांची प्रत्यक्ष कृती ही या पद्धतीची चार लक्षणे आजच्या नियोजनातही टिकून आहेत. [⟶ दूरध्वनिविद्या].

१९६५ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सकसना येथे संचित आज्ञावलीवर चालणारे पहिले मोठे इलेक्ट्रॉनीय केंद्र सुरू झाले. तेव्हापासून विन्यास हा तारांत न राहता संगणकाच्या स्मृतीत राहू लागला. त्यामुळे बदल करणे अतिशय सोपे झाले. परंतु चुकीचा प्रसारही तितकाच सोपा झाला. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीच्या दूरपल्ल्याच्या जालकात ही गोष्ट ठळकपणे दिसून आली. आदल्या महिन्यात या जालकाच्या ११४ केंद्रांमध्ये आज्ञावलीची सुधारित आवृत्ती बसविली होती. न्यूयॉर्कमधील एक केंद्र किरकोळ बिघाडातून सावरून ‘मी पुन्हा चालू झालो’ असा संदेश शेजाऱ्यांना देऊ लागले. सुधारित आवृत्तीतील एका दोषामुळे तो संदेश विशिष्ट क्षणी मिळालेले शेजारी केंद्र स्वतःच काही सेकंद बंद पडे व सावरताच तोच संदेश पुढे पाठवी. अशा रीतीने हा बिघाड सर्व जालकभर फिरत राहिला व सु. ९ तास निम्म्याच्या आसपास कॉल लागू शकले नाहीत. सर्व केंद्रांत एकच आवृत्ती असल्याने दोषमुक्त असे एकही केंद्र उरले नव्हते. पुढील वर्षी, २६ जून १९९१ रोजी, वॉशिंग्टन व भोवतालच्या राज्यांतील सु. ६७ लाख दूरध्वनी निकामी झाले. तेथे लक्षावधी ओळींच्या आज्ञावलीत केवळ तीन ओळी बदलल्या होत्या व बदल लहान आहे म्हणून संपूर्ण चाचणी पुन्हा घेतली नव्हती. बदलाचा आकार व त्याचा धोका यांचे प्रमाण सारखे नसते, हा धडा या दोन घटनांतून मिळाला.

बदलांचे प्रकार : धोक्याच्या दृष्टीने बदलांचे सामान्यतः तीन वर्ग करतात. (१) नित्याचे बदल : नवा ग्राहक जोडणे, एखाद्या मंडलाची क्षमता वाढविणे यांसारखे, ज्यांची पद्धत ठरलेली आहे व परिणाम मर्यादित असतो असे बदल. (२) नियोजित बदल : आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविणे, राउटर म्हणजे मार्गयोजक बदलणे, मार्गनिवडीचे नियम बदलणे इत्यादी. यांना आगाऊ परीक्षण व मंजुरी लागते. (३) तातडीचे बदल : चालू असलेला बिघाड दूर करण्यासाठी किंवा सुरक्षेतील उघड झालेले छिद्र बुजविण्यासाठी करावयाचे. यांना मंजुरीची वाट पाहता येत नसली, तरी नोंद व मागाहून परीक्षण आवश्यक असते.

वर्ग ठरविताना बदल कितीदा यशस्वी झाला आहे यापेक्षा तो फसल्यास किती ग्राहकांवर परिणाम होईल हे पाहणे आवश्यक असते. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स कंपनीचे जालक सु. २६ तास बंद पडले व १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा खंडित झाली. जालकाच्या गाभ्याच्या सात टप्प्यांच्या सुधारणेतील हा सहावा टप्पा होता. आरंभी अधिक धोक्याचे मानलेले हे काम आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्यामुळे कमी धोक्याच्या वर्गात टाकण्यात आले होते. या टप्प्यात वितरण राउटरमधील मार्गविषयक माहिती गाळणारा एक नियम काढून टाकला गेला; त्यामुळे गाभ्यातील राउटरांवर त्यांच्या क्षमतेपलीकडे मार्गांच्या नोंदींचा लोंढा आला व ते बंद पडले. आणीबाणीच्या ९११ क्रमांकाचे कॉल व बँकांच्या पैसे चुकत्या करण्याच्या सेवाही त्यात सापडल्या.

वेळेची निवड : दूरध्वनीची रहदारी दिवसभर सारखी नसते. ती मोजण्याच्या एककास डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप अर्लांग (१८७८–१९२९) यांचे नाव दिलेले आहे. एक मंडल तासभर अखंड व्यापलेले असल्यास ती रहदारी एक अर्लांग होय. दिवसातील सर्वाधिक रहदारीच्या तासास ‘गर्दीचा तास’ म्हणतात व त्यावरून जालकाची क्षमता ठरवितात. याउलट, बदलांसाठी सर्वांत कमी रहदारीचा काळ शोधतात. निवासी वस्तीत तो सामान्यतः मध्यरात्रीनंतर व पहाटेपूर्वी येतो. या काळास ‘देखभाल कालखंड’ म्हणतात.

तथापि सर्वांची रात्र एकच नसते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर चार कालविभाग असल्याने एका किनाऱ्यावरील पहाट ही दुसऱ्या किनाऱ्यावरील रात्र असते. भारतात एकच प्रमाण वेळ असली, तरी मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्रतळावरील केबलींमधून रात्री अमेरिका व यूरोप यांच्याशी मोठी वाहतूक होते. मुंबई व पुणे येथील अमेरिकेतील ग्राहकांस सेवा देणारी कार्यालये रात्रीच सर्वांत गजबजलेली असतात. बँकांचे दिवसअखेरचे हिशेबही रात्री होतात. म्हणून कालखंड घड्याळावरून न ठरविता त्या विशिष्ट यंत्रावरील प्रत्यक्ष रहदारीच्या नोंदींवरून ठरवावा लागतो. सणवार, निवडणुका, मोठे क्रीडासामने, परीक्षांचे निकाल, वादळाचा इशारा अशा प्रसंगी रहदारी एकाएकी वाढते किंवा सेवा विशेष निकडीची असते. अशा दिवसांसाठी अत्यावश्यक कामे सोडून सर्व बदल थांबविण्याची ‘बदलबंदी’ आगाऊ जाहीर करतात. बंदी उठल्यानंतर साचलेले सर्व बदल एकाच रात्री करण्याची घाई होते. ती टाळण्यासाठी त्यांचेही वेळापत्रक आधीच आखतात.

कालखंडाची लांबी केवळ कामास लागणाऱ्या वेळेवरून ठरवून भागत नाही. काम, त्यानंतरची तपासणी, काम फसल्यास पूर्वस्थिती आणण्यास लागणारा वेळ व तिची तपासणी या चारींची बेरीज त्यात बसावी लागते. उदा., कामास ९० मिनिटे, तपासणीस ३०, पूर्वस्थिती आणण्यास ६० व पुन्हा तपासणीस ३० मिनिटे लागत असतील, तर किमान साडेतीन तास हवेत. कालखंड रात्री १२·३० ते पहाटे ५·०० असल्यास ३·३० ही निर्णयाची अंतिम वेळ ठरते. त्या क्षणापर्यंत सर्व तपासण्या समाधानकारक झाल्या नसतील, तर ‘आणखी थोडा प्रयत्न करून पाहू’ असा विचार न करता माघार घ्यावी, असा नियम असतो. ही वेळ कामापूर्वी लिहून ठेवतात. कारण पहाटे थकलेल्या अवस्थेत ती ठरविणाऱ्याचा कल काम पुढे रेटण्याकडेच असतो.

रात्रीची वेळ ही स्वतः मात्र सुरक्षिततेची हमी नव्हे. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेतील एटी अँड टी मोबिलिटीच्या जालकात पहाटे पावणेतीनच्या सुमारास, देखभाल कालखंडातच, चुकीचा विन्यास असलेला एक घटक जोडण्यात आला. तीन मिनिटांतच जालकाने स्वसंरक्षणार्थ सर्व उपकरणांशी असलेला संबंध तोडला. साडेबारा कोटींहून अधिक उपकरणांची नोंदणी गेली व पूर्ण सेवा परत येण्यास किमान १२ तास लागले. तेवढ्या काळात ९ कोटी २० लाखांहून अधिक कॉल अडले. त्यांत ९११ ला केलेले २५,००० हून अधिक कॉल होते. रात्र निवडल्याने चुकीचे पहिले काही तास सौम्य होतात एवढेच. चूक सूर्योदयापूर्वी दुरुस्त होण्याजोगी असेल तरच त्याचा लाभ मिळतो.

राखीव व्यवस्था व कामाचा क्रम : महत्त्वाची यंत्रे जोडीने बसवितात, म्हणजे एकावर काम चालू असता दुसरे सर्व भार वाहते. परंतु यासाठी जोडीवरील एकूण भार एकट्या यंत्राच्या क्षमतेपेक्षा कमी असावा लागतो. प्रत्येक यंत्र ४० टक्के व्यापलेले असेल, तर एक काढल्यावर दुसऱ्यावर ८० टक्के भार येतो व सेवा चालू राहते. प्रत्येक ६० टक्के व्यापलेले असेल, तर दुसऱ्यावर १२० टक्के भार येऊन तेही कोलमडते. म्हणून नियोजकास राखीव यंत्र आहे की नाही, एवढेच न पाहता त्या तासाला ते पुरेसे आहे का, हेही पाहावे लागते.

यावरून वेळापत्रकाचा एक मूलभूत नियम निघतो : एकमेकांचे पर्याय असलेल्या दोन घटकांवर एकाच वेळी काम करू नये. हा नियम सांगण्यास सोपा, पण पाळण्यास अवघड आहे. दोन शहरांमधील दोन स्वतंत्र मार्ग कागदावर वेगळे दिसले, तरी कोठेतरी एकाच पुलावरून किंवा एकाच खंदकातून जात असू शकतात. एका कंपनीचे राउटर व दुसऱ्या कंपनीची केबल यांवरील कामे वेगवेगळ्या कार्यालयांत ठरतात व एकाच रात्री येऊ शकतात. म्हणून सर्व कामांची एकच सामाईक दिनदर्शिका ठेवून प्रत्येक नव्या कामाची आधीच्या कामांशी टक्कर होते का, हे तपासतात. गणिती दृष्ट्या हा प्रश्न आलेख रंगविण्याच्या प्रश्नासारखा आहे. प्रत्येक काम हा एक बिंदू, परस्परविरोधी कामांना जोडणारी रेषा व प्रत्येक रात्र हा एक रंग मानल्यास, रेषेच्या दोन टोकांना एकच रंग येऊ न देता कमीत कमी रंगांत सर्व बिंदू रंगवावयाचे असतात. त्यात कर्मचाऱ्यांची संख्या, सुट्या भागांची उपलब्धता, प्रवासाचे अंतर व बदलबंदीचे दिवस यांची बंधने मिळविली म्हणजे हजारो घटकांच्या जालकात हे काम हाताने करणे अशक्य होते व संगणकाचे साहाय्य घ्यावे लागते.

इंटरनेट जालकांत रहदारी आधी हळूवारपणे दुसऱ्या मार्गावर वळवून मगच यंत्र बंद करण्याची सोय असते. एखादा राउटर स्वतःतून जाणाऱ्या मार्गाचे मूल्य कमाल असल्याचे शेजाऱ्यांस कळवितो. त्यामुळे शेजारी त्याला टाळून दुसरा मार्ग निवडतात, परंतु तोपर्यंत आलेली पॅकेटे तो पोहोचवीत राहतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जालकांच्या सीमेवर याच हेतूने वापरावयाची ‘सौम्य समाप्ती’ ही पद्धत मार्च २०१८ मध्ये इंटरनेट अभियांत्रिकी कृतिदलाने लेखबद्ध केली. जुना मार्ग तोडण्यापूर्वी नवा जोडणे, हे या सर्व पद्धतींमागील सूत्र आहे.

कार्यपद्धती : प्रत्येक नियोजित बदलासाठी एक लेखी कार्यक्रम तयार करतात. त्यात बदलाचा हेतू, परिणाम होणारे घटक व ग्राहक, पूर्वतपासणी, द्यावयाच्या आज्ञा त्यांच्या नेमक्या क्रमाने, प्रत्येक आज्ञेनंतर दिसावयास हवा असलेला परिणाम, माघारीच्या आज्ञा व जबाबदार व्यक्तींची नावे असतात. हा कार्यक्रम तयार करणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकाराने तो तपासावा असा दंडक आहे. शक्य तेथे प्रत्यक्ष जालकासारख्या प्रयोगशाळेतील रचनेवर तो आधी पार पाडून पाहतात. कामापूर्वी चालू विन्यासाची प्रत सुरक्षित ठेवतात व कॉलची संख्या, जोडलेली उपकरणे, धोक्याच्या सूचना इत्यादींचे आकडे टिपून ठेवतात. कामानंतरचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहता येतात.

आज्ञा देणारी साधनेही चूक रोखणारी असावी लागतात. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील लेव्हल थ्री कंपनीच्या जालकात एका तंत्रज्ञाकडून व्यवस्थापन आज्ञावलीतील दूरध्वनी क्रमांकाची जागा रिकामी राहिली. आज्ञावलीने रिकाम्या जागेचा अर्थ ‘सर्व क्रमांक’ असा लावला व देशभरातील कॉल अडवावयास सुरुवात केली. ८४ मिनिटांत ११ कोटी १० लाखांहून अधिक कॉल अडले. रिकामी जागा नाकारणारी किंवा एका आज्ञेने किती क्रमांकांवर परिणाम होणार आहे हे आधी दाखविणारी सोय असती, तर ही चूक जागीच थांबली असती.

कामानंतरच्या तपासणीत नेहमीच्या सेवांबरोबरच क्वचित वापरल्या जाणाऱ्या सेवांचीही पडताळणी करणे आवश्यक असते. ऑस्ट्रेलियात १८ सप्टेंबर २०२५ रोजी ऑप्टस कंपनीने फायरवॉल या संरक्षक यंत्रणेत सुधारणा केली. तीनंतर सर्वसाधारण कॉल नीट लागत होते. परंतु काही राज्यांतून ००० या क्रमांकास केलेले शेकडो कॉल सु. १३ तास पोहोचत नव्हते. एकूण रहदारीत आणीबाणीच्या कॉलांचे प्रमाण इतके अल्प असते, की ते बंद पडल्याचे एकूण आकड्यांवरून लक्षात येत नाही. मदत न मिळालेल्या काही घटनांत मृत्यू झाल्याचे पुढे आले. अशा सेवांची पडताळणी प्रत्यक्ष चाचणी कॉल करूनच करावी लागते.

टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी : एकच बदल अनेक ठिकाणी करावयाचा असल्यास तो प्रथम अगदी थोड्या ठिकाणी करून काही दिवस निरीक्षण करतात. समजा, एका राज्यातील १२,००० मोबाइल तळकेंद्रांवर नवी आज्ञावली बसवावयाची आहे. पहिल्या रात्री ५ केंद्रे, एक आठवड्याच्या निरीक्षणानंतर ५० केंद्रे, पुन्हा एक आठवडा थांबून पुढे दररोज रात्री ३०० केंद्रे असा क्रम ठेवल्यास ४० रात्री लागतात व सर्व काम सु. दोन महिन्यांत पुरे होते. पहिली ५ केंद्रे निवडताना शहरी, ग्रामीण, महामार्गालगतचे, जुन्या यंत्रसामग्रीचे असे नमुने घेतात. केवळ सोयीची केंद्रे घेतल्यास दोष लपून राहतो. एकमेकांच्या शेजारची केंद्रे एकाच रात्री घेत नाहीत, म्हणजे बंद केंद्राच्या क्षेत्रातील ग्राहकांस शेजारच्या केंद्राचा आधार मिळतो.

भारतात क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय अशाच रीतीने टप्प्याने आली. ती २५ नोव्हेंबर २०१० रोजी प्रथम केवळ हरियाणा सेवाक्षेत्रात सुरू झाली व २० जानेवारी २०११ रोजी सर्व देशात लागू करण्यात आली. या बदलासाठी देशातील प्रत्येक कंपनीच्या मार्गनिवडीच्या पद्धतीत फेरफार करावे लागले होते.

काही बदल मात्र सर्वत्र एकाच क्षणी करावे लागतात. क्रमांकनातील बदल हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ग्रेट ब्रिटनमध्ये १६ एप्रिल १९९५ रोजी बहुतेक भौगोलिक संकेतांकांत शून्यानंतर १ हा अंक घालण्यात आला. हा दिवस ईस्टरचा रविवार, म्हणजे व्यापारी रहदारी अत्यल्प असलेला होता. शिवाय ऑगस्ट १९९४ पासून जुने व नवे दोन्ही संकेतांक चालतील अशी व्यवस्था केली होती. त्यामुळे ठरलेल्या दिवशी नवे काही सुरू करावयाचे नव्हते, जुने तेवढे बंद करावयाचे होते. भारतात १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइलला कॉल करताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले. भविष्यकाळासाठी सु. २५० कोटी नवे क्रमांक उपलब्ध व्हावेत, हा त्याचा हेतू होता. याचा आदेश नोव्हेंबर २०२० मध्येच देण्यात आला होता आणि शून्य न लावणाऱ्या ग्राहकास ध्वनिमुद्रित सूचना ऐकविण्याची तरतूद त्यात होती.

पूर्वस्थितीकडे माघार : फसलेला बदल मागे घेता येणे हा नियोजनाचा कणा आहे. राउटरांच्या विन्यासासाठी इंटरनेट अभियांत्रिकी कृतिदलाने डिसेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व जून २०११ मध्ये सुधारलेल्या ‘नेटकॉन्फ’ या संकेतपद्धतीत ‘पुष्टीसापेक्ष स्वीकृती’ची सोय आहे. बदल लागू केल्यावर ठरावीक मुदतीत (विशेष उल्लेख नसल्यास ६०० सेकंदांत) अभियंत्याने पुष्टी दिली नाही, तर यंत्र आपोआप जुन्या विन्यासावर परत जाते. अभियंत्याच्या आज्ञेमुळे त्याचाच यंत्राशी असलेला संबंध तुटला, तरी यामुळे काही मिनिटांत सर्व पूर्ववत होते.

परंतु माघार ही नेहमीच निरुपद्रवी नसते. जपानमधील केडीडीआय कंपनीत २ जुलै २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर १·३५ वाजता मुख्य राउटर बदलण्याच्या कामात मार्ग चुकीचा ठरविला गेला व ध्वनिसंभाषणाच्या वाहतुकीत सु. १५ मिनिटे खंड पडला. जुना मार्ग परत आणण्यात आला. तथापि दरम्यान जालकापासून तुटलेल्या असंख्य उपकरणांनी एकाच वेळी पुन्हा नोंदणीची मागणी केली. त्या गर्दीने नोंदणीची यंत्रे व ग्राहकांची माहिती साठविणारी यंत्रणा कोंडली गेली, त्यांतील नोंदींचा मेळ बसेना आणि पंधरा मिनिटांच्या चुकीतून ६१ तासांहून अधिक काळ टिकलेला सेवाखंड निर्माण झाला. म्हणून माघारीच्या योजनेत विन्यास परत आणण्याबरोबरच परतणाऱ्या ग्राहकांचा लोंढा कसा आवरावयाचा याचाही विचार करावा लागतो. त्यासाठी नोंदणीची मागणी टप्प्याटप्प्याने स्वीकारतात.

दुसरी अडचण यंत्रापर्यंत पोहोचण्याची असते. रॉजर्सच्या घटनेत व्यवस्थापनाचे जालक ग्राहकांच्याच जालकावर अवलंबून होते. त्यामुळे जालक पडताच अभियंत्यांचा यंत्रांशी, तेथील नोंदींशी व परस्परांशीही संपर्क तुटला. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात ऑप्टसच्या सु. १ कोटी ग्राहकांची सेवा पहाटे बंद पडली, तेव्हा बाहेरील जालकातील सुधारणेनंतर आलेल्या मार्गविषयक माहितीमुळे मर्यादा ओलांडली जाऊन सु. ९० राउटर स्वतः विलग झाले होते व त्यांपैकी काहींजवळ तंत्रज्ञांस प्रत्यक्ष जावे लागले. यावर उपाय म्हणून व्यवस्थापनासाठी वेगळे जालक ठेवणे, महत्त्वाच्या ठिकाणी कामाच्या रात्री कर्मचारी हजर ठेवणे व त्यांना अन्य कंपनीचे दूरध्वनी देणे, या गोष्टी करण्यात येतात.

नियमन : बहुतेक देशांत मोठे सेवाखंड शासकीय नियामकास कळविणे बंधनकारक आहे. अमेरिकेत सामान्यतः किमान ३० मिनिटे टिकलेला व ९ लाख ‘ग्राहक-मिनिटां’चा खंड, उदा., ३०,००० ग्राहकांची अर्धा तास बंद पडलेली सेवा, कळवावा लागतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या सेवागुणवत्तेविषयीच्या २०२४ च्या विनियमांनुसार, जे १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आले, जिल्हा पातळीवरील मोठा खंड २४ तासांहून अधिक टिकल्यास ग्राहकांस देयकात सूट अथवा मुदतवाढ द्यावी लागते. नैसर्गिक आपत्तीमुळे पडलेला खंड यास अपवाद आहे. मुदतीची ही मोजणी पाहता नियोजित कामातून उद्‍भवलेला खंड व अपघाती खंड यांत ग्राहकाच्या दृष्टीने फरक राहत नाही.

स्वयंचलन व मर्यादा : अलीकडील जालकांत बदलांची संख्या मानवी देखरेखीच्या आवाक्याबाहेर गेल्याने तपासणी, टप्पे, निरीक्षण व माघार ही कामे संगणकाकडे सोपविण्यात येत आहेत. ठरविलेल्या मर्यादेबाहेर कॉल फसू लागताच पुढील टप्पा आपोआप थांबविणे, जालकाच्या गणिती प्रतिरूपावर बदल आधी करून पाहणे, या पद्धती उपयुक्त ठरल्या आहेत. त्यामुळे हाताने होणाऱ्या चुका घटतात. परंतु चुकीचा नियम दिल्यास तो हजारो यंत्रांवर काही सेकंदांत लागू होण्याचा धोका वाढतो. म्हणून स्वयंचलित व्यवस्थेलाही एका वेळी किती घटकांना हात लावता येईल याची कमाल मर्यादा घालून देतात, आणि त्या मर्यादेपलीकडील बदलांसाठी दोन स्वतंत्र व्यक्तींची संमती घेण्याची प्रथा ठेवतात.